आढ्यावरून येणारा धूर

भाड्याने खोली द्यायची म्हटली की आमच्या पेडण्या-डिचोलीतला घरमालक किती प्रश्न विचारतो! गाव कुठले, आडनाव काय (आडनाव विचारण्यामागे खरे काय विचारायचे असते ते सुज्ञ वाचकांना सांगायला नको), लग्न झाले आहे का, माणसे किती, सोमवारी मासळी शिजवणार नाही ना, रात्री किती वाजता परतणार, पाहुणेरावळे फार येतात का. एवढ्यातून पार पडलात की मग आधारकार्डाची झेरॉक्स, पोलिसांकडच्या नोंदणीचा अर्ज आणि आगाऊ रक्कम. या सगळ्या उलटतपासणीत एक प्रश्न मात्र माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही घरमालकाच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘तुम्ही खोलीत विडी-सिगारेट ओढता का?’

सोमवारी मासळीचा वास भिंतीपलीकडे गेला तर आमचे सोवळे मोडते. सिगारेटचा धूर त्याच भिंतीपलीकडे निजलेल्या पोराच्या छातीत गेला तर काहीच मोडत नाही. हे कसले सोवळे?

मी शाळामास्तर माणूस. कायद्याचा अभ्यासक नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच. परंतु ज्या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी गेली, तिथली भाड्याची घरे मी आतून पाहिलेली आहेत. पहिली सहा वर्षे मी स्वतः पेडण्यात भाड्याच्या खोलीत काढली. पुढे मुलांच्या गैरहजेरीची कारणे शोधत अनेकांच्या उंबरठ्यावर गेलो. म्हणून हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांच्या पुढ्यात ठेवण्याचे धाडस करतो आहे. तोंड कडू झाल्यास क्षमा असावी.

प्रथम गोव्याचे कौतुक करू, कारण ते खरे आहे. धूम्रपानाविरुद्ध देशव्यापी कायदा झाला २००३ साली. आमच्या चिमुकल्या राज्याने त्याच्या सहा वर्षे आधी, १९९७ साली, धूम्रपान व थुंकणे यांना प्रतिबंध करणारा स्वतःचा कायदा केला. पणजीचे कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या माणसांनी तंबाखूविरुद्ध इथे जी मोहीम उभारली, तिचे हे श्रेय. पुढे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराने मरायला लावणे म्हणजे त्याचा जगण्याचा हक्क हिरावणे होय. मग २००३चा केंद्रीय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. इस्पितळ, न्यायालय, शाळा, वाचनालय, सरकारी कचेरी, बस, रेल्वे, सिनेमागृह, उपाहारगृह, कामाची जागा, इतकेच काय, बार आणि डिस्कोथेकसुद्धा त्या यादीत आले. मोडल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड.

आता या यादीत काय नाही ते पाहा. ज्या जागी माणूस दिवसाचे दहा-बारा तास काढतो, ज्या जागी तान्हे मूल चोवीस तास असते, ती जागा यादीत नाही. डिचोलीच्या बँकेत अर्धा तास रांगेत उभा असताना कायदा माझ्या फुप्फुसांची काळजी घेतो. मी घरी येऊन आडवा झालो की त्याची जबाबदारी संपते. बरे, स्वतंत्र बंगला असेल तर ज्याचा धूर त्याच्या घरात. परंतु एका छपराखाली पाच बिऱ्हाडे असतील तर?

त्याच कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी केली आहे. आम्ही मुख्याध्यापक मंडळी हा नियम मनापासून पाळतो. टेप घेऊन अंतर मोजतो, गाडेवाल्याशी हुज्जत घालतो, फाटकावर फलक लावतो आणि एकतीस मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने मुलांकडून शपथा वदवून घेतो. शपथ घेणारे पोर संध्याकाळी दप्तर घेऊन घरी जाते. तिथे शेजारच्या बिऱ्हाडातली विडी त्याच्या उशापासून शंभर यार्डांवर नव्हे, पाच हातांवर पेटलेली असते. ते अंतर मोजायला कुणाचीच टेप पोचत नाही.

हे पाच हात मी अलंकार म्हणून लिहिलेले नाहीत. आमच्या शाळेत नववीत एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. जूनपासून तिचे दिवस भरेनात. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, आली तर बाकावर बसून धापा टाकायची. वर्गशिक्षिका म्हणाल्या, आईवडील लक्ष देत नाहीत. मी घरी गेलो. वडील कारखान्यात रात्रपाळीला, आई दोन घरची धुणीभांडी करणारी. औषधाचा पंप होता, डॉक्टरांची चिठ्ठी होती, लक्ष पुरेपूर होते. परंतु ते घर होते एका जुन्या कौलारू वाड्यात.

ज्यांनी आमची जुनी घरे पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल की, आतल्या पडभिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. माणसाच्या डोक्यापेक्षा दोन-तीन हात वर गेल्या की संपतात. वर वासे, रिपा आणि कौले सगळ्या घराला मिळून एकच. ही रचना शहाणपणाची होती. एका कुटुंबाच्या घरात वारा खेळता राहायचा आणि माजघरातली हाक वसरीवर ऐकू यायची. आता त्याच वाड्याच्या चार खोल्या करून चार बिऱ्हाडांना दिल्या आहेत. मधल्या दारांना फळ्या ठोकल्या, प्रत्येकाला वेगळा वीजमीटर बसवला. छप्पर मात्र एकच राहिले. त्या मुलीच्या पलीकडच्या खोलीत तीन माणसे राहत आणि तिघेही ओढत. धूर सरळ वर जाई, आढ्याखालून सरके आणि थंड होऊन हिच्या अंथरुणावर उतरे. मी तिथे तासभर बसलो होतो. माझ्या शर्टाला घरी येईपर्यंत वास होता.

हे पावसाळ्यात वाढते, याचेही कारण उघड आहे. उन्हाळ्यात ओढणारा माणूस अंगणात जातो. मिरग लागला की तो आत येतो, झड आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतो आणि पुढचे तीन-चार महिने सगळे घर मिळून ती विडी ओढते. जूनमध्ये मुलीची गैरहजेरी का सुरू झाली हे मला हजेरीपटापेक्षा त्या छपराने नीट सांगितले.

‘एवढ्याने काय होते?’ असे विचारणारे भेटतातच. त्यांच्यासाठी एकच दाखला देतो. जपानात ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकाने स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ साली निष्कर्ष छापला. ज्यांचे नवरे ओढणारे होते त्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक झाला, आणि नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढी तितका बायकोचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी या माणसावर वर्षानुवर्षे चिखलफेक केली. निष्कर्ष टिकला, कारण मागाहून देशोदेशी तेच दिसत गेले. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ साली लिहिले की, दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. मुलांच्या बाबतीत दम्याचे झटके, कानाचे आजार आणि तान्ह्या बाळांचे झोपेतले आकस्मिक मृत्यू यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. जगभरात स्वतः न ओढणारी दहा लाखांहून अधिक माणसे दरवर्षी दुसऱ्याच्या धुराने मरतात. आणि पंखा लावून, खिडकी उघडून, यंत्र बसवून हा धोका पुरता जात नाही. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की ते तासन् तास हवेत तरंगत राहतात, आणि खाली बसले तरी भिंतीला, पडद्याला, गादीला चिकटून राहतात.

आम्हा डिचोलीकरांना हवेतल्या कणांची भाषा नवी नाही. खनिजाची लाल धूळ आमच्या तुळशीवर, भातावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होती तेव्हा आम्ही रस्ते अडवले, निवेदने दिली, रस्त्यावर पाणी मारायला भाग पाडले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा पोटाला चिमटा बसला, तरी धूळ थांबली हेही लोकांनी बोलून दाखवले. ट्रकच्या मालकाला जाब विचारणारा हाच माणूस शेजारच्या खोलीतल्या धुराला जाब विचारत नाही. धूळ लाल असते, दिसते, आणि ट्रकवाला परका असतो. धूर दिसेनासा होतो आणि शेजारी रोजचा असतो, हे त्याचे कारण असावे.

हा केवळ कौलारू घरांचा प्रश्न आहे असे सिमेंटच्या इमारतीत राहणाऱ्यांनी समजू नये. मी ज्या इमारतीत राहतो तिथे न्हाणीघरांच्या मागून तळापासून गच्चीपर्यंत एक उभा डक्ट जातो. पहिल्या मजल्यावर कुणी न्हाणीघरात सिगारेट पेटवली आणि धुराचा पंखा लावला की तो धूर डक्टमधून वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावर दात घासणाऱ्या माणसाला पोचतो. जिन्यात संध्याकाळी चार तरुण बसतात. त्यांच्या मधून वाट काढत दमेकरी आजी वर जातात. जिना ‘सार्वजनिक’ की ‘खासगी’ यावर वकील हवा तितका वाद घालू शकतील. आजींना त्या वादाच्या निकालापर्यंत श्वास रोखून धरता येणार नाही.

हा विषय मी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडला. मोटारी कुठे लावायच्या यावर दीड तास चर्चा झाली, आवाज चढले, एका सभासदाने सभात्याग केला. धुराच्या विषयाला सात मिनिटे मिळाली. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, घर म्हजें, सिगारेट म्हजी, तुमकां कितें पडलां?’’ टाळ्याही पडल्या.

या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या सगळ्या ढिलाईचे मूळ त्यात आहे. घर माझे, हे कबूल. म्हणून मी रात्री दोन वाजता घरात ढोल वाजवू शकतो काय? माझ्या न्हाणीचे पाणी खालच्याच्या छतातून गळले तर ‘पाणी माझे’ म्हणून चालते काय? तिथे सगळे शेजारी सोसायटीच्या सचिवाच्या दारात उभे राहतात. घराची मालकी भिंतीपर्यंत असते. धूर भिंतीशी थांबत असता तर मी हा लेख लिहिला नसता. आणि गंमत पाहा, हेच गृहस्थ सुट्टीत मुंबईला हॉटेलात उतरतात तेव्हा आवर्जून धूम्रपान निषिद्ध असलेली खोली मागतात. आमच्या पेडण्यातली कितीतरी मुले मांद्रे, मोरजी, हरमलच्या हॉटेलांत कामाला आहेत. पाहुण्याने खोलीत ओढले तर गादी, पडदे धुवायचा खर्च त्याच्या बिलात कसा धरला जातो ते ती रोज पाहतात. पाहुण्याच्या दोन रात्रींसाठी जी हवा जपली जाते ती त्या मुलाला स्वतःच्या भाड्याच्या खोलीत वर्षभर मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. मोपाचा विमानतळ २०२२च्या डिसेंबरात झाला, तुये-धारगळच्या बाजूला कामे निघाली, आणि पेडणे तालुक्यात भाड्याने जागा शोधणारी माणसे वाढली. त्यांत बाहेरगावचे मजूर पुष्कळ. बारा तास काम करून एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या माणसाला विडी हा एकच विसावा. त्यावर तुम्ही मास्तर लोक नियम लादणार आणि घरमालकाला त्याला हाकलायला निमित्त देणार, असे एका तरुण सहकाऱ्याने मला ऐकवले. त्याची भीती खोटी नाही. ‘बाहेरचे’ नको असलेल्यांच्या हाती आणखी एक काठी द्यायची माझी इच्छा नाही. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट करतो. नियम जागेला लावा, माणसाला लावू नका. ‘विडी ओढणाऱ्याला खोली नाही’ असा फलक मला नको. ओढणाऱ्याला खोली जरूर द्या, आणि ओढायला अंगणाच्या कडेला, खिडक्यांपासून दूर, झाडाखाली एक बाकडे द्या. पावसासाठी वर दोन पत्रे घाला. वाळूचा डबा ठेवा. एवढा खर्च एका महिन्याच्या भाड्यातून निघून वर पैसे उरतील. आणि त्या पाच-सहा जणांत न ओढणारे दोघे असतात, त्यांनाही फुप्फुसे असतात, याचा विचार मजुरांचा कैवार घेणाऱ्यांनी केलेला मला दिसला नाही.

शिवाय तोंड उघडण्याची सोय कुणाला आहे तेही पाहावे. धुराने त्रासलेला भाडेकरू तक्रार करत नाही, कारण अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो. अनेकदा तर ओढणारा स्वतः घरमालकच असतो. संध्याकाळी बलकांवात बसून तो पेटवतो आणि वारा आत वाहतो. त्याला बोलणार कोण? म्हणून नियम असेल तर तो मालकालाही बांधणारा हवा. नाहीतर ती निव्वळ सरंजामी झाली.

तिसरा आक्षेप आकडेवारीवाल्यांचा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण गोव्यात ९.७ टक्के, म्हणजे सबंध देशात सर्वांत कमी आढळले, आणि त्यात चघळणारेही आले. मग एवढी ओरड कशाला? मला हा आकडा उलट बाजूने बोलका वाटतो. दहांतले नऊ वापरत नाहीत, तरी त्या नऊजणांना स्वतःच्या जिन्यात एक नियम करता येत नाही! त्याच पाहणीत देशभरातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत असल्याचे नोंदले आहे. कचेऱ्यांतून आणि बसमधून हुसकलेला धूर शेवटी घरात येऊन बसला आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी कृपया रागावू नये. तंबाखूवर तुमच्याकडे घरे उभी राहिली, विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर संसार चालले, हे मी जाणतो. त्यांच्या मजुरीचा आणि छातीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, आणि तो त्यांच्यातल्या कुणी लिहावा. तसे पाहता हे पीक आपल्याकडे आले पोर्तुगीजांबरोबर. विजापूरहून असद बेगने ते अकबराच्या दरबारात नेले तेव्हा सतरावे शतक नुकते उजाडले होते. पोर्तुगीज १९६१ साली गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या पावाचे मी रोज सकाळी आभार मानतो, तंबाखूचे नाही.

मग उपाय काय? सरकारने घराघरांत बंदी घालावी असे मी म्हणत नाही. शिपाई माझ्या शेजघरात यावा हे मलाही रुचणार नाही. जगात दोन्ही वाटा चालून पाहिलेल्या आहेत. सिंगापूरने २०१३ पासून सरकारी वसाहतींच्या सामायिक जिन्यांत आणि मार्गिकांत बंदी केली. खिडकी-बाल्कनीतल्या सिगारेटवरही बंदी आणा, अशी मागणी २०२० साली त्यांच्या संसदेत झाली, तेव्हा सरकार घराच्या दाराशीच थांबले. अमेरिकेने सरकारी भाडेघरांसाठी २०१८च्या जुलैअखेरची मुदत घालून इमारतीच्या आत आणि भोवती पंचवीस फुटांपर्यंत मनाई केली. तिथे हे जमले कारण घरमालक सरकारच होते आणि अट भाडेकरारात लिहिली गेली. या दुसऱ्या वाटेतला एक धडा आपल्या कामाचा आहे. करारावर सही घेणारा जो कोणी असेल, त्याच्या हाती हे करण्याची सोय असते. इथे ते सरकार नाही. इथे तुम्ही आहात.

डिचोली-साखळीपासून पेडण्यापर्यंत भाडेकरार लिहून देणारे टंकलेखक तालुक्याच्या कचेरीबाहेर बसलेले असतात. त्यांच्या ठरावीक मसुद्यात भिंतीला खिळे न ठोकण्याचे कलम असते. भिंतीला भोक पडू नये याची एवढी चिंता! त्याच कलमाखाली एक वाक्य घालून घ्या. मी माझ्या ओळखीच्या दोन घरमालकांना लिहून दिले ते असे: ‘या घराच्या खोल्यांत, वसरीत, जिन्यात व सामायिक न्हाणीघरात मालक, भाडेकरू किंवा पाहुणा यांपैकी कोणीही विडी-सिगारेट ओढणार नाही, ओढण्याची जागा अंगणात नेमून दिली आहे.’ वाक्य तयार आहे, फी मागत नाही. आणि हो, भाडेकरूंनीही ते मागावे. खोली पाहायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येते ते विचारता, तसेच शेजारी कुणी आत ओढते का तेही विचारा. दोन गिऱ्हाइके या प्रश्नावरून परत फिरली की मालकाला आरोग्यशास्त्र समजायला वेळ लागत नाही.

आढ्याची पोकळी बुजवणे हा दुसरा उपाय सुचवला जातो. एका मालकाने फळ्या मारून बुजवलीही. उन्हाळ्यात त्या खोल्यांच्या भट्ट्या झाल्या आणि बिऱ्हाडे उठून गेली. त्या दोन घरमालकांपैकी एका बाईंनी मात्र वाक्य वाचून चष्मा काढला आणि विचारले, ‘‘आनी म्हज्या घोवाक कोण सांगतलो?’’ मी म्हटले, करारावर त्यांचीही सही घ्या. घेतली. गृहस्थ आता माडाखाली बसतात आणि मी रस्त्याने दिसलो की तोंड फिरवतात.

ती नववीतली मुलगी दहावीला आमच्याकडे नव्हती. वडिलांनी दुसऱ्या गावी खोली घेतली, तिथे भाडे आठशे रुपयांनी जास्त. दाखला न्यायला आई आली तेव्हा मी विचारले, छप्पर कसले आहे? ‘‘स्लॅबचे आहे, सर,’’ ती म्हणाली, ‘‘पण खाली दुकान आहे आणि दुकानदार ओढतो.’’

आमच्या सोसायटीच्या या वर्षीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस जिन्याखाली लागली आहे. विषयपत्रिकेत मोटारी पहिल्या क्रमांकावर आहेत आणि धूर सातव्या. मी ठरावाचा मसुदा सचिवांकडे दिला आहे. अनुमोदक म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सही केली आहे.